ग्लिप्टोडॉनची पाठ

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी ग्लिप्टोडॉनची पाठ माझ्या हातून पडली आणि फुटली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. असतं, तर कुणीतरी ओरडलं असतं, माणसं जमली असती आणि मला खोटं बोलायला जागाच उरली नसती.

मी पुण्यातल्या एका जुन्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागाचं संग्रहालय सांभाळतो. संग्रहालय म्हणजे एक लांबट खोली, भिंतीकडेने काचेची कपाटं, त्यांत दगड आणि जीवाश्म, मधोमध एक टेबल. विद्यार्थी वर्षातून दोनदा येतात, एकदा प्रॅक्टिकलला आणि एकदा फोटो काढायला. फोटो काढायचे ते या पाठीबरोबर. ग्लिप्टोडॉन हा दक्षिण अमेरिकेतला, हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेला प्राणी. अंगाने लहान मोटारीएवढा, आणि पाठीवर हाडाच्या जाड चकत्यांचा घुमट. आमच्याकडे त्या घुमटाचा मागचा भाग होता, दोन माणसांनी मिळून उचलावा एवढा. प्रत्येक चकती बिस्किटाएवढी. तिच्यावर मध्ये एक गोल आणि भोवती लहान गोल, रांगोळीच्या छापाने उठवलेल्या फुलासारखे.

ही पाठ आमच्याकडे आली तेव्हा पाठ नव्हती. फार पूर्वी तिकडच्या एका संग्रहालयाशी देवाणघेवाण झाली. इकडून दख्खनच्या दगडात सापडणाऱ्या झिओलाइट खनिजाचे स्फटिक गेले, तिकडून पेटीभर सुटे तुकडे आले. ती पेटी कित्येक वर्षं कपाटाखाली पडून होती. मग बाई विभागात नव्याने लेक्चरर म्हणून आल्या आणि त्यांनी ती उघडली.

बाई म्हणजे माझ्या शिक्षिका. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी नापास झालो, तेव्हा घरी परत पाठवण्याऐवजी त्यांनी मला या खोलीत बसवलं, आणि मी इथेच राहिलो. त्यांनी ती पाठ कशी जोडली हे मी त्यांच्याच तोंडून अनेकदा ऐकलं होतं. आधी पसरट ट्रेमध्ये वाळू. वाळूवर चकत्या नुसत्या मांडायच्या, चिकटवायचं काही नाही. कडेला कड लावून बघायची. खरी जोडी असली तर हलका टक असा आवाज येतो आणि बोटाला कळतं. सगळी मांडणी पटली की मगच स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख लावायची, कारण लाख पुन्हा स्पिरिटने सुटते. चूक झाली तर मागे येता यायला हवं. शेवटी आतून पातळ कागद लावून प्लास्टरचं अस्तर ओतायचं, म्हणजे घुमट आपल्या वजनाने बसणार नाही.

पाठीला उजव्या कडेजवळ तळहाताएवढं भोक होतं. तिथल्या चकत्या पेटीतून आल्याच नव्हत्या. तेव्हाच्या एका विभागप्रमुखांनी ते बुजवून वर रंग मारायला सांगितलं होतं. "जे आलंच नाही ते मी कुठून आणू?" असं बाई म्हणाल्या, आणि भोक तसंच राहिलं.

सगळं कॉलेज त्या पाठीला कासव म्हणतं. बाई दर वेळी अडवायच्या. "कासव नाही. पिल्लांना दूध पाजणारं जनावर आहे. तुमच्याइतकंच सस्तन. वागणूक जरा बरी असेल."

आमच्या विभागात खंडेनवमीला हातोड्या, होकायंत्रं, सूक्ष्मदर्शक पुसून टेबलावर मांडतात, हळदकुंकू वाहतात आणि ग्लिप्टोडॉनच्या पाठीवर झेंडूची माळ घालतात. बाई निवृत्त झाल्यावरही या दिवशी न चुकता यायच्या. गेल्या काही वर्षांत त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग गेला. कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. म्हणून त्या पाठीवर तळवा ठेवायच्या, मधल्या उंचवट्यावरून उजवीकडे उतरायच्या, भोकात बोट घालायच्या आणि म्हणायच्या, "आहे." मग पेढा खायच्या.

यंदा त्यांनी आधीच फोन केला होता. कसबा पेठेतलं घर विकून झालं होतं, ताबा द्यायचा बाकी होता. दिवाळी झाली की मुलगी त्यांना कोइमतूरला नेणार होती, कायमची. "शेवटची खंडेनवमी," त्या म्हणाल्या. "आमच्या जनावराला पुसून ठेव."

मी पुसलं. मग मनात आलं, भोकाची बाजू खुर्चीकडे करून ठेवावी, म्हणजे बाईंना उभं राहायला नको. पाठ एका बुटक्या कपाटावर होती. ती दोघांनी उचलायची हा नियम. शिपाई झेंडू आणायला मंडईत गेला होता. तो येईपर्यंत थांबायला हवं होतं. उचलायचं नाही, नुसतं फिरवायचं आहे, असं म्हणून मी एकट्यानेच हात घातला. आतलं जुनं प्लास्टर तडकलेलं होतं. ते माझ्या हातातच दुमडल्यासारखं झालं. पोत्यातून बटाटे ओतावेत तसा आवाज आला, आणि बराच वेळ येत राहिला.

मी आधी दार लावलं. हे लिहिताना आजही लाज वाटते, की पहिली हालचाल ती होती. चकत्या गोळा करून ट्रेमध्ये भरल्या. लाख जुनी होऊन ठिसूळ झाली होती, बहुतेक सांधे सुटले होते. उरलं प्लास्टर. लहानमोठी ढेकळं खोलीभर पसरली होती, आणि मला त्यांत एकच दिसत होतं, घडलेल्या गोष्टीचा पुरावा. मी ती सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत भरली आणि मागच्या जिन्याने खाली नेली. कॉलेजच्या मागच्या इमारतीची डागडुजी चालू होती. राडारोडा उचलायला ट्रॅक्टर आला होता. पोती त्यात टाकली. वर येऊन फरशी पुसली, दाराला 'बंद' असा कागद लावला, आणि बाईंना फोन केला.

"बाई, उद्या पूजा नाही. खोलीत पेस्ट कंट्रोल केलंय. बंद ठेवावी लागेल."

"खंडेनवमीला? झुरळांनी मुहूर्त काढून दिला का?"

"वरून सांगितलं तसं, बाई."

"बरं." त्या म्हणाल्या. "मग जायच्या आधी एकदा येईन. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी निघतेय. त्याआधी कधीही बोलव. मी रिकामीच आहे. सामान बांधून झालंय. आता खोक्यांकडे बघत बसायचं, आणि तेही धड दिसत नाही."

त्या एवढं बोलल्या आणि मी त्यातलं फक्त भाऊबीज ऐकलं. त्याआधी पाठ पुन्हा उभी करायची. बाई येतील, हात फिरवतील, "आहे" म्हणतील, आणि जातील. त्यांना कधीच कळणार नाही. त्या घटकेला मला जगात दुसरं काही नको होतं.

शिपायाला आणि विभागातल्या इतरांनाही झुरळांचंच कारण सांगितलं, आणि पहिले काही दिवस मी रीतीने काम केलं. वाळू आणली, चाळली, चकत्या मांडल्या. सगळ्या सारख्या दिसायच्या. एक चकती दहा जणींशी जुळल्यासारखी वाटायची आणि एकीशीही टक आवाज करायची नाही. कॉलेजच्या माहितीपुस्तकात पाठीचा फोटो होता, पण तो डाव्या बाजूने घेतलेला, आणि पुढे एक मुलगा दोन बोटं वर करून उभा. विभागप्रमुख, माझ्यापेक्षा वयाने लहान, एकदा दाराबाहेरूनच विचारून गेले, "अहो, ते कासव ठीक आहे ना? झुरळं मारायच्या नादात त्याला काही व्हायला नको." मी आतून हो म्हटलं.

मग एके दिवशी कपाटाखाली घरंगळलेली चकती काढायला वाकलो, तेव्हा हाताला प्लास्टरचं एक ढेकूळ लागलं. पोत्यात भरताना राहून गेलेलं. उलटं करून पाहिलं आणि तिथेच खाली बसलो.

त्यावर चकत्या उमटल्या होत्या. बाईंनी आतून ओतलेल्या प्लास्टरने प्रत्येक चकतीची खालची बाजू, तिचा खोलगटपणा, शेजारणीशी झालेला सांधा, सगळं ठशासारखं धरून ठेवलं होतं. एवढ्याशा तुकड्यावरून मला चार चकत्या पाच मिनिटांत सापडल्या आणि त्या जागच्या जागी बसल्या. टक, टक, टक. म्हणजे पाठ कशीही फुटली असती, तरी तिचा अख्खा साचा त्या फरशीवर पडला होता. ती ढेकळं नुसती एकमेकांना लावली असती, तर प्रत्येक चकतीने आपली जागा स्वतःच दाखवली असती. आणि तो साचा मी माझ्या हाताने राडारोड्यात टाकला होता.

कंत्राटदाराला विचारलं तेव्हा कळलं, ट्रॅक्टर धायरीच्या पुढे एका बंद पडलेल्या दगडखाणीत रिकामा होतो. मी धायरीतच राहतो. रविवारी सकाळी बायकोला दूध आणायला जातो असं सांगून तिथे गेलो. खाणीत पुण्यातल्या सगळ्या पाडलेल्या घरांच्या भिंती येऊन पडल्या असाव्यात असं वाटलं. विटा, फरश्या, न्हाणीघराच्या टाइल्स, आणि वरून जेसीबी फिरून गेलेला. मी वाकून वाकून पांढरे तुकडे उचलत होतो, उलटे करत होतो, टाकत होतो. राखणदार बराच वेळ बघत होता. शेवटी जवळ आला.

"काय हरवलंय सायेब?"

"प्लास्टर."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खाणीकडे. "सायेब, इथं समदं प्लास्टरच हाय."

मी दूध न घेता घरी गेलो.

त्यानंतर मी जे केलं ते हाताने केलं, डोक्याने नाही. कॉलेजला दिवाळीची सुट्टी लागली होती. लाख वाळायला वेळ लागतो, आणि लाख लावायची म्हणजे आधी मांडणी पटलेली हवी. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. मी दोन नळ्यांतून मिसळून चिकटवायचं इपॉक्सी आणलं. ते पाच मिनिटांत धरतं आणि हाडापेक्षा कडक होतं. साधारण जुळेल त्या चकतीला साधारण जुळेल ती चकती लावत गेलो. प्रत्येक सांध्यात केसाएवढी चूक राहत होती. केसाएवढीच आहे, असं मी दर वेळी म्हणत होतो. पण घुमटात चुका जिरत नाहीत, त्या पुढच्या ओळीत जातात, तिथून तिच्या पुढच्या ओळीत. खिडकीबाहेर फटाके वाजायचे आणि माझा हात हलायचा.

नरकचतुर्दशीला बायको उटणं लावताना माझी बोटं धरून थांबली. "अहो, हे काय माखलंय? दगडासारखं झालंय. उटण्याने निघेना, आता काय पॉलिश पेपर लावू?"

मी तिला सगळं सांगितलं. ती तेलाची वाटी हातात धरून ऐकत राहिली.

"बाईंना सांगा," ती म्हणाली.

"सांगून काय होणार? जायच्या आधी त्यांना ते अख्खं बघायचंय."

"असं त्या म्हणाल्या?"

त्या असं म्हणाल्या नव्हत्या. तरी मी आंघोळ करून, एक चकली खाऊन कॉलेजला गेलो.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पाठ उभी राहिली. लांबून पाहिलं तर तीच वाटत होती. जवळ गेलं की डाव्या अंगाला दोन बोटं जातील अशी फट होती. तिथे घुमटाच्या दोन कडा एकमेकींना भेटल्याच नव्हत्या. आणि उजव्या कडेजवळ भोक नव्हतं. तिथे चकत्याच चकत्या होत्या. ज्या चकत्या तिथल्या नव्हत्या, त्यांनी ती जागा भरून टाकली होती. मी छिन्नी घेऊन तिथे भोक पाडायचंही मनात आणलं. छिन्नी टेकवलीसुद्धा. मग हात उचलला गेला नाही. हे मी माझ्या चांगुलपणात धरत नाही. मला फक्त वाटलं, आणखी काही फुटलं तर मी उभा राहू शकणार नाही. फट भिंतीकडे केली आणि तिच्यावर झेंडूची जाड माळ घातली.

पाडव्याच्या दुपारी मी रिक्षाने बाईंना घेऊन आलो. जिन्यावर त्या माझ्या खांद्याला धरून चढल्या. खोलीत आल्यावर त्यांनी एकदा वास घेतला. मी खुर्ची सरकवली. त्या बसल्या नाहीत. पाठीजवळ गेल्या आणि तळवा मधल्या उंचवट्यावर ठेवला.

हात उजवीकडे उतरला. कडेपाशी गेला, थांबला. मागे आला, थोडा खाली गेला, पुन्हा वर. बोट वाकवून शोधत होतं.

"फिरवून ठेवलंयस का?" बाईंनी विचारलं.

हो म्हणता आलं असतं. त्यांनीच मला तेवढी वाट ठेवली होती.

"नाही," मी म्हणालो. "पडलं, बाई. माझ्या हातून. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी."

"आणि झुरळं?"

"नव्हती."

त्या मान हलवत राहिल्या. "बरं. पडायचंच होतं कधीतरी. आतलं प्लास्टर जुनं झालं होतं, मीच ते बदलायला हवं होतं. तुला लागलं नाही ना कुठे?"

"नाही."

"मग रडतोस कशाला. प्लास्टर कुठे ठेवलंयस? ढेकळं जुळवली की झालं. साचाच आहे तो."

मला वाटतं, आयुष्यात मला कुठल्याही प्रश्नाची एवढी भीती वाटली नव्हती.

"राडारोड्यात गेलं. मी टाकलं. त्याच दिवशी."

बाईंनी पाठीवरचा हात काढून घेतला. मग पुन्हा ठेवला, आणि नखाने एक सांधा चाचपला, त्याच्यावरून नख पुढे मागे नेलं. "ही लाख नाही."

"इपॉक्सी आहे."

"म्हणजे सुटणार नाही."

"नाही, बाई."

आता मात्र त्या खुर्चीवर बसल्या. बाहेर कुणीतरी लवंगी माळ लावली. बाईंनी ती संपू दिली.

"मी घरात खोक्यांमध्ये बसले होते," त्या म्हणाल्या. "हे तुला माहीत होतं."

"हो."

"आणि इथे हे सगळं सुटं पडलं होतं."

"हो."

"सगळ्या चकत्या. पहिल्या दिवशीसारख्या." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मला बोलवायचं नाहीस? मी डबा घेऊन आले असते. डोळ्यांचं यात काम नाही रे, तेव्हाही नव्हतं. बोटांचंच होतं. पूर्ण झाल्यावर मी तिच्याकडे बघितलं ते वर्षातून एकदा. पूर्ण झाल्यावर तिच्यात काय, लोक फोटो काढतात."

मी त्यांच्यापासून एक पडझड लपवली असं समजत होतो. खरं म्हणजे त्यांना या गावात उरलेले शेवटचे चांगले दिवस मी माझ्या खोलीत कुलूप लावून ठेवले होते, आणि ते इपॉक्सीने संपवले होते.

"काही उरल्यात का?" त्यांनी विचारलं.

ट्रेमध्ये ओंजळभर उरल्या होत्या, कुठेच न बसलेल्या. मी वाळूचा ट्रे त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला आणि चकत्या त्यांच्या हाताशी दिल्या. त्या एकेक उचलत होत्या. अंगठा मधल्या गोलावर, बाकीची बोटं कडेने फिरवत. "ही कडेची. ही शेपटीकडची, बघ, जाड आहे. ही भोकाच्या काठची असणार, हिला एका बाजूला कुणी शेजारीण नाही." मी त्या सांगतील तिथे वाळूत टेकवत होतो. दोन चकत्या त्यांनी एकमेकींना लावल्या, किंचित फिरवल्या, आणि टक असा आवाज आला. त्या हसल्या नाहीत, पण काही वेळ त्यांचे हात तिथेच राहिले.

मग बाईंना मुलीचा फोन आला. कुठे आहेस, अजून बॅगा बंद करायच्यात. मी त्यांना जिन्याने खाली नेलं. रिक्षात बसताना त्या म्हणाल्या, "माळ काढ तिच्यावरची. फटीवर घातलीयस ना?"

त्या गेल्याला आता काही महिने झाले. मी विभागप्रमुखांना सगळं लेखी कळवलं. ते वाचून म्हणाले, "अहो, पण लांबून तर छान दिसतंय की. राहू दे ना." मी राहू दिलेलं नाही. गरम हवेचा पंखा लावून एकेक सांधा तापवतो, मऊ होतोय का बघतो, आणि पातळ पात्याने उघडायचा प्रयत्न करतो. इपॉक्सी हाडापेक्षा कडक. बहुतेक वेळा सांधा राहतो आणि चकतीच तुटते. तुटली की तिचे दोन्ही तुकडे एका पुडीत ठेवतो.

रविवारी कोइमतूरला फोन करतो. बाई नमस्कार वगैरे होऊ देत नाहीत. "या आठवड्यात किती फोडल्यास?" असंच विचारतात. मी खरा आकडा सांगतो.

मागच्या आठवड्यात एक सांधा नीट सुटला. दोन्ही चकत्या अख्ख्या. मी त्यांना फोनवर सांगितलं, एकीची कड सरळ आहे, खालून किंचित वळते, मधला गोल जरा डावीकडे सरकलाय, जाडी माझ्या करंगळीएवढी. ती कुठली असेल, बाई? त्यांनी एकेक माप माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं.

"हातात असती तर सांगितलं असतं," त्या म्हणाल्या.